पाळण्यापाशी येणारी माणसे

घरात मूल जन्माला आले की दाराशी चपलांची रांग लागते. आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या, धर्ममातापिता, शेजारीपाजारी असे सारे बाळ पाहायला येतात. कोणी बाळंतविडा घेऊन येते, कोणी झबली-टोपडी, कोणी डिंकाचे लाडू. बाळ या हातातून त्या हातात जाते, नाक आजोबांचे की आईचे यावर चर्चा रंगते, आणि निघताना प्रत्येकजण त्या कोवळ्या गालाचा मुका घेतोच. आपल्या समाजजीवनातील हा एक मंगल प्रसंग. मूल केवळ दोघांचे नसून गोताचे आहे, याची ती जणू ग्वाहीच असते.

परंतु वैद्यकाच्या इतिहासाची पाने चाळू लागलो की मन अस्वस्थ करणारे एक सत्य समोर येते. तान्ह्या बाळाला होणारे संसर्गजन्य आजार परक्या माणसाकडून क्वचितच येतात. ते बहुधा त्याला छातीशी धरणाऱ्या, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलणाऱ्या, त्याच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसांकडूनच येतात. ज्या वाटेने माया येते त्याच वाटेने आजारही येतो. मग करावे तरी काय? वाट बंद करावी, तर बाळ मायेलाही पारखे होणार. उघडी ठेवावी, तर त्याच्या जिवाला धोका. गेल्या दीडशे वर्षांत अनेक देशांतील डॉक्टरांना आणि आईबापांना या पेचाला तोंड द्यावे लागले. त्यांनी शोधलेल्या उत्तरांचा हा थोडक्यात मागोवा.

राजवाड्यातील घटसर्प

सन १८७८ चा नोव्हेंबर महिना. जर्मनीतील हेस या राज्याची राजधानी डार्मस्टाट. तेथील ग्रँड ड्यूक लुडविग चौथे यांची पत्नी अ‍ॅलिस ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची कन्या. महिन्याच्या आरंभी त्यांची थोरली मुलगी घटसर्पाने आजारी पडली. घशात करडा पापुद्रा धरून श्वास कोंडणारा हा रोग त्या काळी बालकांचा काळच होता. पाहता पाहता राजवाड्यातील एकेक मूल अंथरुणाला खिळले आणि खुद्द ग्रँड ड्यूकही आजारी पडले. एलिझाबेथ नावाच्या एका मुलीला तेवढे वेळीच आजीकडे हलवण्यात आले, आणि ती बचावली. चार वर्षांची धाकटी मारी मात्र १६ नोव्हेंबरला देवाघरी गेली.

अ‍ॅलिस अडाणी माता नव्हती. रुग्णसेवा हा तिच्या आस्थेचा विषय होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता, आणि हेसमध्ये परिचारिका तयार करण्यासाठी तिने स्त्रियांची संस्था स्थापन केली होती. धाकटीच्या मृत्यूची बातमी आजारी भावंडांना सोसवणार नाही, म्हणून तिने ती काही आठवडे मनातच दाबून ठेवली. डिसेंबरच्या आरंभी तिने ती दहा वर्षांच्या अर्न्स्टला सांगितली. मुलगा हंबरडा फोडून रडू लागला. आईने त्याला जवळ ओढले आणि त्याचे चुंबन घेतले. काही दिवसांतच तिला घटसर्प झाला आणि १४ डिसेंबर १८७८ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ती वारली. सतरा वर्षांपूर्वी याच तारखेला तिचे वडील निवर्तले होते.

त्या एका चुंबनानेच तिचा घात केला असे त्या काळी सर्वत्र मानले गेले. ते तसेच घडले की शुश्रूषा करताना तिला आधीच संसर्ग झाला होता, हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. घटसर्पाचे जंतू तेव्हा सापडलेलेही नव्हते, ते त्यानंतर पाच-सहा वर्षांनी सापडले. पण ही कथा युरोपभर घरोघर पोहोचली ती तिच्यातल्या व्यथेमुळे. रडणाऱ्या लेकराला जवळ न घेणे कोणत्या आईला जमेल? डॉक्टरांचा सल्ला आणि मातेचे हृदय यांच्यात त्या दिवशी हृदय जिंकले, आणि त्याची किंमत एका घराने मोजली.

ताटातुटीचा मार्ग

घटसर्प वादळासारखा येई आणि जाई. क्षयाची रीत निराळी होती. तो वर्षानुवर्षे घरात मुक्काम ठोकून बसे. एकाच घरातील आई, मग मुलगी, मग नात क्षयाने जाई, तेव्हा लोक म्हणत की हा रोग त्यांच्या रक्तातच आहे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले, आणि या समजुतीला तडा गेला. रोग रक्तातून नव्हे, तर खोकल्यातून येत होता. आईच्या पोटातून नव्हे, तर तिच्या शेजारी निजल्याने येत होता.

या शोधाने आशा दिली, तशीच एक कठोर जबाबदारीही आणली. रोग वंशपरंपरेने येत असेल तर माणसाच्या हाती काहीच उरत नाही. पण तो सहवासाने येत असेल तर सहवास तोडता येतो. पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ जाक-जोसेफ ग्रांशे यांनी हाच विचार तडीस नेला. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मायस्टर या मुलाला पाश्चर यांची लस प्रत्यक्ष टोचणारे डॉक्टर ते हेच. ग्रांशे यांनी १९०३ साली बालकांना क्षयापासून वाचवण्यासाठी एक संस्था काढली. क्षयरोग्याच्या घरातील तीन ते दहा वर्षांची निरोगी मुले उचलायची आणि खेड्यातील धडधाकट शेतकरी कुटुंबांकडे वाढवायला द्यायची, अशी ती योजना. पाश्चर यांनी रेशमाच्या किड्यांचा रोग आटोक्यात आणताना निरोगी बीज वेगळे काढले होते, तेच तत्त्व येथे माणसाच्या मुलांना लावले होते. पहिल्या महायुद्धानंतर लेऑन बर्नार आणि रोबेर देब्रे यांनी अगदी तान्ह्या बाळांसाठीही अशीच व्यवस्था उभी केली.

या योजनेने असंख्य मुलांचे प्राण वाचले यात शंका नाही. अंधाऱ्या एकखणी बिऱ्हाडात खोकणाऱ्या बापाशेजारी निजणारे पोर गावच्या मोकळ्या हवेत वाढू लागले. पण त्या आईच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहावे. अंगात ताप, पदरात दोन महिन्यांचे बाळ, आणि दारात संस्थेची बाई उभी. बाळाला जगवायचे असेल तर ते आजच सोडून द्यायला हवे. बाळ मोठे होईल तेव्हा आई जिवंत असेल की नाही, आणि असलीच तर ते तिला ओळखेल की नाही, याची शाश्वती कोणी देऊ शकत नव्हते. ताटातुटीचा मार्ग शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होता. माणसाच्या दृष्टीने तो फार महाग होता.

आजीच्या घरी जाणारे बाळ

याच काळात फ्रान्सच्या उत्तरेस लील या शहरात आल्बेर काल्मेत नावाचे एक डॉक्टर वेगळ्या वाटेने निघाले होते. लील हे कापडगिरण्यांचे गाव. मुंबईच्या गिरणगावाची ज्यांना आठवण आहे त्यांना तेथील दाटीवाटीची कल्पना सहज येईल. काल्मेत यांनी १९०१ साली तेथे क्षयरोग्यांसाठी एक दवाखाना उघडला. औषधाने रोग बरा करण्याचे दिवस अजून यायचे होते. म्हणून या दवाखान्याची माणसे रोग्याच्या घरी जात, थुंकी कोठे व कशी टाकावी ते शिकवीत, आणि कपडे स्वच्छ धुतले जातील याची व्यवस्था पाहत. गरिबाचे घर काल्मेत यांनी असे आतून पाहिले होते. ज्या घरात एकच खोली आहे, तेथे रोग्यापासून बाळाला दूर ठेवा हा उपदेश किती पोकळ आहे हे त्यांना उमगले असले पाहिजे.

काल्मेत आणि त्यांचे सहकारी, पशुवैद्य कामिय गेरँ, यांनी १९०८ साली एक चिकाटीचे काम आरंभले. गाईला होणाऱ्या क्षयाचे जंतू त्यांनी बैलाच्या पित्तात व ग्लिसरिनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवले. सुमारे तीन आठवड्यांनी त्यांतले थोडे उचलून नव्या फोडीवर ठेवायचे, पुन्हा तीन आठवडे वाट पाहायची, पुन्हा नवी फोड. असे एकदा नव्हे, दोनशे तीस वेळा! या कामाला तेरा वर्षे लागली. मध्ये पहिले महायुद्ध आले, लील जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले, बटाटे आणि पित्त मिळणेही मुश्कील झाले. पण फोडीमागून फोड बदलत राहिली. शेवटी जे जंतू उरले ते जिवंत होते, पण रोग उत्पन्न करण्याची त्यांची शक्ती लोपली होती. या दोघांच्या नावांवरूनच पुढे त्या लसीला बी.सी.जी. हे नाव पडले.

लस तयार झाली, पण ती प्रथम कोणाला द्यायची? जिवंत जंतू एका निरोगी बालकाच्या पोटात घालायचे, हा निर्णय सोपा नव्हता. तो निर्णय घेण्याची वेळ १९२१ च्या जुलै महिन्यात पॅरिसच्या शारिते इस्पितळात आली. एका क्षयरोगी स्त्रीने बाळाला जन्म दिला आणि लवकरच तिचे निधन झाले. बाळ निरोगी होते, पण आता त्याला सांभाळणार कोण? एक आजी होती. ती बाळाला घरी न्यायला तयारही होती. आणि तिलाही क्षय झालेला होता.

वाचकहो, या प्रसंगापाशी थोडे थांबावेसे वाटते. आजीच्या घरी बाळाला न द्यावे तर त्याचे रक्ताचे असे दुसरे छत्र नाही. द्यावे तर ज्या रोगाने आई नेली तोच रोग आजीच्या मांडीवर त्याची वाट पाहत बसलेला. डॉ. बँजामँ वेय-आले आणि त्यांचे तरुण सहकारी रेमाँ त्युर्पँ यांनी काल्मेत यांच्याशी विचारविनिमय केला. १८ जुलै १९२१ रोजी त्या तान्ह्या जिवाला बी.सी.जी. लसीची पहिली मात्रा तोंडावाटे देण्यात आली आणि दोन-दोन दिवसांच्या अंतराने आणखी दोन. जगात ही लस घेणारे ते पहिले मानवी अपत्य. लसीने त्याला कोणताही अपाय झाला नाही. पुढे ते वाढले आणि क्षयापासून मुक्त राहिले.

एका बाळावरून लस सिद्ध होत नाही, हे खरे. पण या घटनेत एक मोठे परिवर्तन दडलेले आहे. ग्रांशे यांनी बाळाला घरातून दूर नेले होते. वेय-आले यांनी बाळाला घरी जाता यावे म्हणून त्याच्या अंगी कवच चढवले. आज आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला इस्पितळातून घरी जाण्यापूर्वीच डाव्या दंडावर जी टोचणी मिळते, तिचा उगम असा एका पोरक्या बाळाच्या आणि आजारी आजीच्या कथेत आहे.

विश्वासाची कसोटी

१९२४ नंतर ही लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली आणि काही वर्षांत फ्रान्समधील लाखाहून अधिक बालकांना ती देण्यात आली. पण १९३० साली जर्मनीतील ल्युबेक शहरात भयंकर घडले. लस दिलेल्या सुमारे अडीचशे बालकांपैकी सत्तरहून अधिक बालके क्षयाने दगावली. आपल्याच हाताने आपण बाळाला विष पाजले असे ज्या मातांना वाटले असेल, त्यांच्या दुःखाची कल्पनाही करवत नाही.

दीर्घ चौकशीअंती उलगडा झाला. मूळ लस निर्दोष होती. ल्युबेकच्या प्रयोगशाळेत लस तयार करताना रोग उत्पन्न करणारे जहाल जंतू तिच्यात मिसळले गेले होते. न्यायालयाने जबाबदार डॉक्टरांना कारावासाची शिक्षा दिली. काल्मेत यांच्यावरचा कलंक पुसला गेला, पण ते मनाने खचले आणि १९३३ साली वारले. या दुर्घटनेचा धडा आजही मोलाचा आहे. बाळाच्या रक्षणासाठी जे साधन वापरायचे, त्याची पारख आपल्या प्रेमाइतकीच निष्ठेने व्हायला हवी. लस कशी तयार करावी, तपासावी आणि साठवावी याबद्दलची काटेकोर शिस्त अशाच जखमांतून घडली आहे.

भारतात बी.सी.जी.चे काम १९४८ साली सुरू झाले. त्याच वर्षी मद्रासजवळ गिंडी येथे लस तयार करणारी प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९५१ पासून देशभर मोहीम निघाली. तिच्या मर्यादाही आपल्याच देशात स्पष्ट झाल्या. चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या विस्तृत पाहणीत दिसून आले की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही. पण मेंदूच्या आवरणाला होणारा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय या तान्ह्या मुलांना गाठणाऱ्या दोन घातक प्रकारांपासून ती बऱ्याच प्रमाणात वाचवते. म्हणजे जिच्यासाठी ती १९२१ साली प्रथम वापरली गेली, ती पाळण्यातील बाळाची राखण ती आजही करते.

मद्रासने दिलेले उत्तर

कवचाने अर्धेच काम होते. आजीचे काय? तिने खोकतच राहायचे का? या प्रश्नाचे उत्तर भारताने जगाला दिले, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. १९४० च्या दशकात क्षयावर गुणकारी औषधे निघाली. तरीही रोग्याला घरापासून दूर आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, अशी वैद्यकाची धारणा होती. आणि भारतात तर रोगी लाखो आणि खाटा मूठभर!

१९५६ साली मद्रास येथे क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे एक साधा, पण निर्णायक प्रयोग करण्यात आला. शहरातील गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषध दिले. तेथे चांगले अन्न, विश्रांती, मोकळी हवा सारे होते. दुसऱ्या गटाला तेच औषध वर्षभर त्यांच्या घरीच दिले. त्यांची घरे दाटीची, अन्न अपुरे, कामाची दगदग सुटलेली नाही. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट घरातील इतरांची. ज्यांचा रोगी घरीच राहिला त्या कुटुंबातील मुलामाणसांना, ज्यांचा रोगी दूर गेला त्यांच्यापेक्षा क्षयाचा अधिक उपद्रव झाला नाही.

याचा अर्थ फार मोठा आहे. रोग्याची संसर्ग देण्याची शक्ती औषध सुरू झाल्यावर झपाट्याने ओसरते. खरा धोका असतो तो निदान होण्यापूर्वीच्या काळात, घरच्यांनी अंगावर काढलेल्या खोकल्यात. ‘म्हातारपणाचा खोकला आहे, चालायचेच’ असे आपण म्हणतो तेव्हा पाळण्यातील नातवंडाचा विचार आपल्या मनात नसतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला तपासून घेणे हे आजीचे स्वतःवरील उपकार आहेत, आणि नातवावरील त्याहून मोठे. क्षयाची बाधा झालेल्या मातेनेही उपचार घेत, नाकातोंडावर आच्छादन बांधून बाळाला अंगावर पाजत राहावे, असाच आज सर्वसाधारण सल्ला असतो. तशा बाळाला डॉक्टर प्रतिबंधक औषधही देतात. ज्या मायलेकरांची एके काळी ताटातूट केली जाई, ती आज एकत्र राहू शकतात.

किती दिवस दूर राहावे?

क्षयाखालोखाल तान्ह्या बाळाचा वैरी म्हणजे डांग्या खोकला. मोठ्या माणसाला तो केवळ एक लांबलेला, कंटाळवाणा खोकला वाटतो. कोवळ्या बाळाला मात्र उबळ आली की त्याचा श्वास अडकतो. कधी तर खोकल्याचे बळही नसते, श्वास थांबून बाळ एकाएकी निळे पडते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स या शहरी पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी १९३२ साली या रोगाचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली. ते आर्थिक मंदीचे दिवस. दिवसभर प्रयोगशाळेतील नेमून दिलेले काम करायचे आणि संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जायचे, असा त्यांचा क्रम होता. मुलाच्या तोंडासमोर एक बशी धरायची, त्याला तिच्यावर खोकायला लावायचे आणि तिच्यात जंतू वाढतात का ते पाहायचे. अशा घरोघरच्या फेऱ्यांतून त्यांना कळले की आजारी मूल साधारण किती आठवडे संसर्ग देऊ शकते. बहुतेक मुले चौथ्या आठवड्याच्या सुमारास निर्धोक होतात, असे त्यांना आढळले. ‘दूर राहा’ या मोघम धाकाच्या जागी ‘इतके दिवस दूर राहा’ असा मोजता येणारा सल्ला आला. माणसाला कायमचे दूर राहणे जमत नाही, पण दिवस मोजायला मिळाले तर तो थांबतो. त्यांनीच पुढे या रोगाची परिणामकारक लस तयार करून तिची काळजीपूर्वक परीक्षाही घेतली.

पण या लसीची पहिली मात्रा बाळाला जन्मतःच देता येत नाही. आपल्याकडे ती सहा आठवडे पूर्ण झाल्यावर मिळते, पुढच्या मात्रा दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. मधल्या काळात बाळ उघडेच राहते. २०१२ साली इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याची साथ आली, तेव्हा चौदा तान्ही बालके दगावली. त्याच वर्षी तेथे गरोदर स्त्रियांना ही लस देण्यास आरंभ झाला. आईच्या शरीरात निर्माण झालेली प्रतिकारशक्ती नाळेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्या उघड्या आठवड्यांत त्याचे रक्षण करते. ज्या सहवासाने रोग येई, त्याच नात्यातून आता कवचही येऊ लागले.

सव्वा महिना

आता आपल्या घराकडे वळू. बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना घराबाहेर पडू नये ही आपल्याकडील जुनी रीत. प्राचीन यहुदी नियमात पुत्र जन्मल्यास चाळीस दिवस आणि कन्या जन्मल्यास ऐंशी दिवस मातेला मंदिरात जाता येत नसे. ख्रिस्तसभेतही बाळंतपणानंतर मातेने मंदिरात येऊन आशीर्वाद घेण्याची प्रथा होती. या रूढींच्या मुळाशी विटाळाची जी कल्पना होती ती स्त्रीवर अन्याय करणारी होती, आणि ती मागे पडली हे योग्यच झाले. अंधाऱ्या, बंद, धुराने कोंदलेल्या खोलीचा आग्रहही आरोग्याला पोषक नव्हता. क्षयासारख्या रोगाला तर तशीच खोली मानवते. तरीही एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. सव्वा महिना, चाळीस दिवस आणि लसीची पहिली मात्रा मिळण्यापूर्वीचे सहा आठवडे हे जवळपास एकच अंतर आहे. रूढीने ज्या काळात कुंपण घातले, नेमक्या त्याच काळात बाळ सर्वांत असहाय असते. कुंपणाचे जुने कारण टाकून द्यावे, पण कुंपण उपयोगी आहे.

पूर्वी बालमृत्यू इतके होत की बाळाचा बाप्तिस्मा थोड्या दिवसांतच उरकला जाई. अनेकदा आई घरीच असे आणि धर्ममाता बाळाला चर्चमध्ये नेई. आजच्या धर्मनियमानुसार तो पहिल्या काही आठवड्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. बाप्तिस्म्याला मोठा मांडव आणि दोनशे पानांची पंगत हवीच असे कोणत्याही नियमात नाही. संस्कार वेळेवर व्हावा, आणि मेजवानी हवीच असेल तर ती बाळ थोडे सबळ झाल्यावर करावी. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून, आखातातून, परदेशातून आप्तजन येतात, त्यांचेही स्वागत करावे. पण ज्याला सर्दी, खोकला, ताप आहे त्याने बाळाला दुरूनच पाहावे. ओठावर फोड आलेला असेल त्याने तर बाळाचा मुका मुळीच घेऊ नये. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारा तो फोड नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शाळेत जाणाऱ्या भावंडांच्या लसी पुऱ्या झाल्या आहेत ना ते पाहावे. आणि दोन-तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले किंवा त्याचा श्वास जलद चालू लागला, तर पाहुण्यांच्या घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक डॉक्टरकडे न्यावे.

हे सारे पाहुण्यांना सांगायचे कोणी? बहुतेक घरांत हे अवघड काम बाळंतिणीवर येऊन पडते आणि नव्या सुनेचा तोरा म्हणून तिचे बोलणे मनाला लावून घेतले जाते. ते तिने सांगू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी, विशेषतः आजीनेच सांगावे. आजीने दारातच ‘आधी हात धुवा, मग बाळ’ म्हटले की कोणालाही राग येत नाही, कारण बाळावर तिची माया किती आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते.

२ फेब्रुवारीला आपण प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण पाळतो. नाताळपासूनचा तो चाळिसावा दिवस. त्या दिवशी मंदिरात बाळाला पाहणारी दोन माणसे शुभवर्तमानात येतात. एक शिमोन, ज्याला परंपरेने वृद्ध मानले आहे, आणि दुसरी चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना. दोघांनीही आयुष्यभर वाट पाहिली होती. चाळीस दिवसांचे ते बाळ शिमोनाने हातांत घेतले, तेव्हा त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पाळण्यातील बाळासाठी आपल्याला आयुष्यभर थांबायचे नाही. थोडे आठवडे थांबायचे आहे, आणि आजारी असू तर बरे होईपर्यंत. तेवढे थांबणे हेही मायेचेच एक रूप आहे.